लूडिक्रस म्हणजे हास्यास्पद? मग रिडिक्युलस म्हणजे काय?

शब्दसखी
नमस्कार मंडळी. तीन दिवस एका शब्दापाशी अडून बसले आहे, म्हणून हा धागा.

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. कथेतल्या म्हाताऱ्या बाईंचा नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला आहे. मालकांकडचा माणूस घरी येतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि भरपाईचा आकडा सांगतो. बाई बराच वेळ काही बोलत नाहीत. मग एवढंच म्हणतात, 'दॅट इज लूडिक्रस.'

कोश उघडला. हास्यास्पद. लिहिलं, 'हे हास्यास्पद आहे.' मोठ्यानं वाचलं आणि लगेच खोडलं. नवरा गेलेली बाई असं बोलत नाही, अग्रलेख असं बोलतो.

पुढे आणखी पंचाईत. चार पानांनंतर बाईंचा वकील समोरच्या बाजूचा युक्तिवाद 'ॲब्सर्ड' आहे म्हणतो. कोशात पुन्हा हास्यास्पद. शेवटी बाई म्हणतात, मी स्वतःच त्या कारखान्यात कामाला जाते, तेव्हा मुलगी म्हणते, 'डोन्ट बी रिडिक्युलस, मदर.' तिथेही हास्यास्पद! तीन माणसं, तीन मनःस्थिती आणि माझ्या हातात एकच शब्द.

या तिन्हींत नेमका फरक काय, आणि तो मराठीत कशानं दाखवाल? कोशातले शब्द माझ्याकडे आहेत. मला तोंडातले हवे आहेत.

टवाळ
'काहीच्या काही!' तिन्ही ठिकाणी बसतं.

सावली
टवाळ, काहीच्या काही बोलू नका.
घ्या, चौथ्या ठिकाणीही बसलं!

उंबरठा
लूडिक्रस म्हणजे जरा अश्लीलतेकडे झुकणारं ना? ल्यूडवरून आलाय असं शाळेत ऐकल्याचं आठवतं.

जुनीवही
उंबरठा, नाही. दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटतात, पण नातं काही नाही. ल्यूड जुन्या इंग्रजीतला. त्याचा मूळ अर्थ 'धर्मसेवेत नसलेला, साधा प्रापंचिक माणूस'. त्यावरून अशिक्षित, मग असभ्य, मग आजचा अर्थ.

लूडिक्रस आला लॅटिनमधून. लूडस म्हणजे खेळ. आपण सगळे लहानपणी जो लूडो खेळलो, त्याचं नावही तेच. लॅटिनमध्ये लूडो म्हणजे 'मी खेळतो'. पचिसीवरून बेतलेल्या त्या खेळाचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ साली घेतलं गेलं.

सतराव्या शतकात लूडिक्रस इंग्रजीत आला तेव्हा त्याला विष नव्हतं. खेळासंबंधी, गमतीचं, गंभीर नसलेलं, एवढंच. जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही तो खेळकर, हसवणारा याच अंगानं दिलाय. 'हसण्याच्याच लायकीचं' हा तुच्छतेचा सूर नंतर चढला आणि मग तोच उरला.

या घरातली भावंडं मला फार आवडतात. इल्यूजन, डिल्यूड, प्रील्यूड, इंटरल्यूड, कोल्यूड. प्रत्येकात कुणीतरी खेळतंय. डिल्यूडमध्ये एखाद्याशी खेळून त्याला भुलवलंय. कोल्यूडमध्ये दोघं मिळून तिसऱ्याविरुद्ध खेळताहेत, ज्याला आपण साटंलोटं म्हणतो.

रिडिक्युलस मात्र वेगळ्या घरातला. रिडेरे म्हणजे हसणं. हास्यास्पद हा त्याचा सख्खा भाऊ शोभेल. हास्य अधिक आस्पद, आणि आस्पद म्हणजे स्थान, जागा. संशयास्पद, वादास्पद, लज्जास्पद यांच्यातलंच. जिथे हसू येऊन बसतं ती जागा. तेव्हा शब्दसखी, कोशानं तुम्हाला दिलेला शब्द चुकीचा नाही. तो रिडिक्युलसचा आहे आणि लूडिक्रसला उसना दिलाय.

टवाळ
जुनीवहींचा प्रतिसाद आवडला. जाता जाता भर घालतो. मराठीत कितीतरी जण 'हास्यापद' लिहितात, मधला स खाऊन. इंग्रजीतही कितीतरी जण रिडिक्युलसमध्ये पहिल्या आयच्या जागी ई घालतात. दोन्ही भाषांत नेमक्या याच शब्दाला स्वतःचं हसं करून घ्यायची हौस!

त्रिज्या
ॲब्सर्डबद्दल मी बोलू का? हा शब्द गणितवाल्यांचाही आहे.

शाळेत करणी शिकलेल्यांना आठवत असेल. वर्गमूळ २, वर्गमूळ ३ वगैरे. इंग्रजीत त्यांना सर्ड म्हणतात. हा सर्ड आणि ॲब्सर्डमधला सर्ड एकच. लॅटिन सर्डस म्हणजे बहिरा, मुका, मंद. ग्रीकांनी अशा संख्यांना 'अलोगोस' म्हटलं होतं, म्हणजे ज्यांना गुणोत्तर नाही किंवा ज्यांना शब्द नाही. अरबी गणितज्ञांनी त्यासाठी 'असम्म', म्हणजे बहिरा, हा शब्द घेतला. बाराव्या शतकात ते ग्रंथ लॅटिनमध्ये गेले तेव्हा असम्मचा सर्डस झाला. तीन भाषा ओलांडता ओलांडता बिचारी संख्या बहिरी झाली.

आपल्याकडे मात्र तिचं नाव किती वेगळ्या विचारानं पडलंय पाहा. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या जुन्या ग्रंथांत, वर्गमूळ २ म्हणजे द्विकरणी, दुप्पट क्षेत्रफळ 'करणारी' दोरी. चौरसाच्या कर्णावर नवा चौरस काढला की तो दुप्पट होतो, म्हणून. तिकडे ती ऐकू न येणारी, इकडे काम करणारी. दरवर्षी हे वर्गात सांगते आणि दरवर्षी सांगताना मला तितकाच आनंद होतो.

आता गंमत. वर्गमूळ २ ही परिमेय संख्या नाही हे सिद्ध कसं करतात? आधी ती परिमेय आहे असं धरून चालायचं. समजा ती अतिसंक्षिप्त रूपातला एक अपूर्णांक आहे. दोन-चार पायऱ्यांत अंशही सम निघतो आणि छेदही सम निघतो. पण अतिसंक्षिप्त रूपात दोन्ही सम असूच शकत नाहीत. म्हणजे गृहीतच चूक. पाठ्यपुस्तकात याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतात, लॅटिनमध्ये 'रिडक्शिओ ॲड ॲब्सर्डम'. एका सर्डला ॲब्सर्डमपर्यंत नेऊन पकडलं जातं.

मुद्दा असा की या ॲब्सर्डमध्ये कुणीही हसत नाही. तिथे फक्त दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. म्हणून मी 'विसंगत' म्हणेन.

कोरडापाऊस
>>लॅटिन सर्डस म्हणजे बहिरा<<

म्हणजे ॲब्सर्ड = बहिऱ्यासारखं बोलणं? ऐकू येत नाही म्हणून भलतंच उत्तर देणारा माणूस?

जुनीवही
कोरडापाऊस, तर्क चांगला आहे, पण शब्द त्या वाटेनं आलेला नाही. लॅटिनमध्ये ॲब्सर्डस हा आधी आवाजाबद्दलचा शब्द होता. बेसूर, कानाला खटकणारा. गाण्यात चुकीच्या जागी लागलेला सूर. तिथून तो बोलण्याला लागला आणि बुद्धीला खटकणारं ते ॲब्सर्ड झालं.

तिरकीरेघ
थांबा थांबा! मग हा शब्द आपल्याकडे आहेच की! बेसूर. बेताल. विसंगत. 'बेताल वक्तव्य' तर रोज छापून येतं. संगीतातून थेट मूर्खपणापर्यंतचा हाच प्रवास मराठीनं आपला आपण केलाय. मला एकदम भरून आलं हे वाचून. शब्दसखी, वकिलाच्या तोंडी 'हा युक्तिवाद बेताल आहे' टाका.

ओळंबा
तिरकीरेघ, प्रवास सारखा, पण मुक्काम वेगळा. बेताल माणूस स्वतःवरचा ताबा सोडून बोलतो. त्यात बेफामपणा आहे. ॲब्सर्ड युक्तिवाद अगदी शांतपणे, कागदपत्रांसकट, घसा न ताणता मांडता येतो. किंबहुना जितक्या शांतपणे मांडला जाईल तितका तो जास्त ॲब्सर्ड. वकिलानं समोरच्याला 'बेताल' म्हटलं तर ते त्याच्या वागण्याबद्दल होईल, त्याच्या मुद्द्याबद्दल नाही.

तिरकीरेघ
हं. हे पटलं. वाईट वाटलं, पण पटलं.

नाट्यवेडा
ॲब्सर्ड म्हटल्यावर मला नाटक आठवणारच. समीक्षक मार्टिन एसलिननं १९६१च्या पुस्तकात बेकेट, आयनेस्को वगैरे नाटककारांना 'ॲब्सर्ड' हे नाव चिकटवलं, तेव्हा त्यानंही हाच खुलासा केला होता. रोजच्या बोलण्यातला 'हास्यास्पद' हा अर्थ इथे धरू नका, मूळचा 'सुसंवाद नसलेला' हा अर्थ धरा. जुनीवही जे सांगताहेत तेच.

त्याआधी फ्रेंच लेखक कामूनं १९४२मध्ये ॲब्सर्डला आपल्या तत्त्वचिंतनाच्या मध्यभागी आणलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस जगाकडे अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं. ॲब्सर्ड माणसात नाही, जगातही नाही. तो त्या हाकेच्या आणि त्या शांततेच्या मध्ये आहे. आता त्रिज्याताईंचा सर्डस घ्या. हाक मारतोय आणि समोरचा बहिरा आहे! कोरडापाऊस, तुमचा तर्क व्युत्पत्तीत बसला नाही तरी तत्त्वज्ञानात सुंदर बसतो.

मराठी समीक्षेत यासाठी 'असंगत' वाचलाय. पण तो नाटकावरच्या लेखात शोभतो, कथेतला वकील तो बोलणार नाही हे मान्य.

कोरडापाऊस
नाट्यवेडा, धन्यवाद. आजचा दिवस सत्कारणी.

वकीलकाका
या धाग्यावर माझी हजेरी लागायलाच हवी होती.

शब्दसखीताई, तुमच्या कथेतला वकील ॲब्सर्ड म्हणतो तेव्हा तो चिडलेला असेलच असं नाही. कायद्यात हा कामाचा शब्द आहे. कायद्याचा अर्थ लावताना आधी शब्दशः अर्थ घ्यायचा. तो घेतल्यानं ॲब्सर्ड परिणाम होत असेल, तर तेवढ्यापुरता अर्थ वळवायचा. याला इंग्रजी कायद्यात 'गोल्डन रूल' म्हणतात आणि तो नीट मांडला तो लॉर्ड वेन्सलीडेलनं, ग्रे विरुद्ध पिअर्सन खटल्यात, १८५७ साली.

विद्यार्थ्यांना हमखास सांगतात ते उदाहरण १८७२चं, ॲलनचं. विवाहित असताना जो दुसरा विवाह करील तो गुन्हेगार, असं कायद्यात होतं. ॲलनच्या बाजूनं युक्तिवाद असा, की पहिला विवाह टिकून असताना दुसरा विवाह कायद्यानं होऊच शकत नाही, तो शून्यच. मग ॲलननं दुसरा विवाह 'केलाच' नाही! मग गुन्हा कसला? शब्दाला शब्द लावून पाहा, युक्तिवादात भोक सापडत नाही. पण तो मानला तर जगात द्विभार्या प्रतिबंधाखाली कधीच कुणाला शिक्षा होणार नाही. न्यायालयानं सांगितलं, इथे विवाह करणे म्हणजे विवाहाचा विधी करणे.

याला ॲब्सर्ड म्हणतात. ओळंबांनी म्हटल्याप्रमाणे शांत, नीटनेटका आणि पूर्णपणे उलटा. मी माझ्या बोलण्यात अशा वेळी म्हणतो, 'असा अर्थ घेतला तर अनर्थ होईल.' अर्थ आणि अनर्थ शेजारी ठेवले की समोर बसलेल्याला लगेच कळतं. तुमच्या वकिलाला हे वाक्य द्यायला माझी हरकत नाही.

शब्दसखी
वकीलकाका, घेतलं! 'असा अर्थ घेतला तर अनर्थ होईल.' कथेत तो नेमकं हेच करतो आहे, करारातल्या एका ओळीचा समोरच्यांनी लावलेला अर्थ उलटवतो आहे. एक गाठ सुटली. मनापासून आभार.

त्रिज्या
वकीलकाकांचं उदाहरण म्हणजे निव्वळ अप्रत्यक्ष सिद्धता आहे. गृहीत धरा, शेवटपर्यंत जा, अनर्थ दाखवा, परत या. न्यायदर्शनातही, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, वादात समोरच्याचं म्हणणं मान्य केल्यासारखं करून त्याला नको त्या निष्कर्षापर्यंत नेतात, त्याला 'अनिष्टप्रसंग' म्हणतात. किती चपखल नाव आहे.

उंबरठा
अवांतर विचारू का? वंध्यापुत्र, सशाचं शिंग, आकाशातलं फूल, हे सगळे आपले ॲब्सर्डच ना?

त्रिज्या
अवांतर कुठे, चांगला प्रश्न आहे. पण ही तिन्ही एका माळेची नाहीत. सशाला शिंग नसतं हे पाहून कळतं. उद्या एखादा शिंगवाला ससा सापडला तर आश्चर्य वाटेल, तर्क मोडणार नाही. वंध्येचा पुत्र मात्र कधीच सापडणार नाही, कारण सापडला की ती वंध्या उरत नाही. माझ्या लेखी ॲब्सर्ड दुसरा. पहिला नुसता खोटा.

ओळंबा
प्रीपॉस्टरस कुणीच घेतला नाही म्हणून मी घेतो. लॅटिनमध्ये प्रे म्हणजे आधी, पोस्टेरस म्हणजे नंतर येणारा. नंतरचं आधी आलेलं. म्हणजे आपलं शब्दाला शब्द 'आधी कळस मग पाया'! इंग्रजीत तो आता संतापाचा शब्द झालाय, 'छट्, शक्यच नाही' अशा अर्थाचा. मुळातलं उलटेपण बोलणाऱ्याला आठवतही नाही. मराठीत कळस आणि पाया अजून डोळ्यांसमोर उभे राहतात.

नाट्यवेडा
मग फार्सही घ्या. लॅटिन फार्किरे म्हणजे ठासून भरणे, सारण भरणे. मध्ययुगात धार्मिक नाटकांच्या मधल्या जागेत विनोदी प्रवेश भरत, म्हणून फार्स. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटकांच्या जोडीला फार्स करू लागले. आणि आज 'चौकशीचा फार्स' वाचताना हा शब्द परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. प्रहसन हा चांगला संस्कृत शब्द हाताशी होता. पण 'चौकशीचं प्रहसन' म्हणून पाहा, राग येतच नाही.

पतंग
मी इथे सगळ्यात लहान असेन बहुतेक. आमच्या पिढीत रिडिक्युलस हा कौतुकाचा शब्द झालाय हे कुणी सांगितलंच नाही! 'तिचा आवाज रिडिक्युलस आहे' म्हणजे अफाट चांगला. 'रिडिक्युलसली गुड', 'ॲब्सर्डली टॅलेंटेड' रोज ऐकतो. टेस्लानं २०१५मध्ये गाडीच्या सर्वात जोरदार वेगवाढीला 'लूडिक्रस मोड' असं नाव दिलं, तेही फुशारकीनं. मग हे शब्द वाईट उरलेच कुठे?

सावली
पतंग, मराठीतही हेच चालतं. 'भयंकर सुंदर', 'भलतंच गोड', 'वाईट हसलो'. भीती, भलतेपणा, वाईटपणा सगळं गळून जातं आणि फक्त 'खूप' उरतं. इंग्रजीत ऑफुली आणि टेरिबली यांचं आधीच तसं झालं. ज्या शब्दात 'मर्यादा ओलांडली' हा भाव असतो, तो कधी ना कधी कौतुकाला लागतोच.

जुनीवही
आणि उलटही होतं. सिली घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता धन्य, सुखी. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि शेवटी खुळा. नाइस बरोबर उलट्या दिशेनं गेला. तो लॅटिन नेस्कियस, म्हणजे अडाणी. इंग्रजीत आधी मूर्ख होता, आज छान आहे. रस्त्यात दोघं एकमेकांना भेटले असतील आणि ओळखलं नसेल.

आपल्या 'भोळा'कडे मी काळजीनं पाहत असते. अजून त्यात माया आहे. पण 'भोळसट' झाला की माया संपली. एका प्रत्ययाचं अंतर.

टवाळ
'शहाणा' तर कधीच घसरला. 'फार शहाणा आहेस' म्हटलं की कुणी धन्यवाद म्हणत नाही.

अनामिकपक्षी
धागा सुंदर चाललाय, पण शब्दसखींचा मूळ प्रश्न अजून तिथेच आहे. वकील सुटला. आई आणि मुलगी बाकी आहेत.

सावली
मुलीचं तर सोपं आहे. 'डोन्ट बी रिडिक्युलस' याला मराठीत विशेषण लागतच नाही. 'काहीतरीच काय बोलतेस, आई!' एवढंच. इंग्रजी विशेषण दिसलं की आपण मराठी विशेषण शोधायला धावतो आणि तिथेच फसतो. आपण ही भावना विशेषणात ठेवतच नाही, आपण ती अव्ययात आणि सुरात ठेवतो. काहीतरीच, भलतंच, छे, चल, अगं. त्यात 'काहीतरीच'मध्ये रागही बसतो, लाजही बसते, मायाही बसते. कौतुक केलं की 'काहीतरीच!' आणि कुणी स्वतःच्या जिवाशी खेळायचं बोललं की 'काहीतरीच!'. आपल्या माणसाशीच असं बोलता येतं. मालकाच्या माणसाला ती मुलगी 'काहीतरीच काय' म्हणणार नाही.

शब्दसखी
सावली, डोळ्यांत पाणी आलं खरंच. 'काहीतरीच काय बोलतेस, आई!' मी तीन दिवस विशेषणं पुसत बसले होते.

आता फक्त बाई.

तिरकीरेघ
बाईंसाठी 'अति झालं आणि हसू आलं' ही म्हण कशी वाटते? लूडिक्रसमध्ये प्रमाण सुटल्याचा भाव आहेच. आकडा इतका लहान की तो लहान उरत नाही, त्याचं हसूच येतं.

ओळंबा
म्हण लूडिक्रसला छान लागू पडते, पण प्रसंगाला नाही. बाई हसत नाहीत. म्हण म्हणायला जो निवांतपणा लागतो तोही तिथे नाही.

पतंग
'हसावं की रडावं तेच कळत नाही'?

ओळंबा
जवळ आलात. पण ती बाई स्वतःच्या मनाचं वर्णन करत नाहीये. ती त्या आकड्याबद्दल बोलतेय, समोरच्या माणसाला उद्देशून.

जुनीवही
मी वर एक गोष्ट सांगायची राहून गेले होते. लॅटिनमध्ये लूडस म्हणजे खेळ, तशी लहान मुलांची शाळाही लूडस, आणि ग्लॅडिएटरांना जिथे शिकवत ती जागाही लूडस. रोममध्ये कोलोसियमच्या शेजारी लूडस मॅग्नसचे अवशेष आजही दिसतात. जिथे माणसं मरायला तयार करत, त्या जागेचं नाव खेळ. पाहणाऱ्यांसाठी तो खेळच होता.

तुमच्या कथेतला कारखाना वाचल्यापासून हे मनातून जात नाही.

सावली
जुनीवही, मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो!

आणि मिळाला शब्द! थट्टा. 'ही थट्टा आहे आमची.' नवरा गेला आणि वर हा आकडा. मराठी बाई अशा वेळी 'थट्टा'च म्हणेल. त्यात खेळ आहे, हसू आहे, पण हसतोय समोरचा. बाई हसत नाही.

वकीलकाका
सावली, शब्द जबरदस्त आहे, तरी एक हरकत नोंदवतो. थट्टा म्हटलं की हेतू आला. कुणीतरी मुद्दाम केली. लूडिक्रसमध्ये हेतूचा आरोप नाही. बाई रकमेला नाव ठेवताहेत, मालकावर आरोप करत नाहीत. अनुवादात आरोप वाढवणं योग्य होईल का? उद्या तोच माणूस म्हणेल, बाई, मी कुठे थट्टा केली, मी तर ठरलेला आकडा सांगितला.

सावली
काका, तो म्हणेलच! आणि तिथेच तर तिचं दुःख आहे. त्याच्या लेखी ठरलेला आकडा, तिच्या लेखी थट्टा. नवऱ्याच्या जिवाची किंमत कुणीतरी कागदावर बसून ठरवली, हे तिला आरोपासारखंच वाटणार. तिनं मनात आरोप केलेला आहे, इंग्रजीत तो तिनं एका सभ्य शब्दामागे ठेवलाय इतकंच.

ओळंबा
मी यात काकांच्या बाजूनं अर्धा आहे. ती आरोप झाकते हेच तिचं वैशिष्ट्य असेल, तर मराठीत तो उघडा पाडून चालणार नाही. शब्दसखी, ती बाई कथेत आधी काय करायची? कशी बोलते?

शब्दसखी
शाळेत शिकवायच्या. तीस वर्षं. मोजून बोलतात, आवाज चढवत नाहीत. आकडा ऐकल्यावर त्या आधी टेबलावरचा त्याचा कागद सरळ करतात, वहीची कड जुळवावी तसा, आणि मग बोलतात.

त्रिज्या
अरे! शिक्षिका! मग मी सांगते. आम्ही रागावलो की विधान करत नाही, प्रश्न विचारतो. वर्गात कुणी खोटं उत्तर दिलं तर 'हे चूक आहे' म्हणत नाही. 'हे असं आहे का?' म्हणतो आणि थांबतो. प्रश्न केला की आरोप होतही नाही आणि उरतही नाही. काकांची हरकतही राहत नाही. उत्तर द्यायची जबाबदारी समोरच्यावर जाते.

वकीलकाका
त्रिज्याताई, हरकत मागे घेतो. उलटतपासणीत आम्हीही तेच करतो.

शब्दसखी
मंडळी, रात्रभर बसून केलं. देते आहे.

'तिनं तो कागद पुढे ओढला. त्याच्या कडा टेबलाच्या कडेशी नीट जुळवल्या. आकडा पुन्हा एकदा वाचला. मग मान वर करून हळू आवाजात विचारलं, "थट्टा करताय आमची?"'

लूडिक्रसला विशेषण उरलं नाही, पण खेळ राहिला.

सावली
हो. हीच ती.

नाट्यवेडा
'हळू आवाजात' काढून टाका. कागदाच्या कडा जुळवल्यावर तो आवाज ऐकू येतोच.

उंबरठा
मला फक्त एक विचारायचं होतं. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या जुन्या वळणाच्या बाई 'करताय' म्हणतील की 'करता'? 'थट्टा करता आमची?' माझ्या कानाला हे जास्त ताठ वाटतं.

शब्दसखी
'करता'. दोन्ही बदल केले.